वजन ठीक दिसतंय म्हणून थांबू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी १७ वर्षांची, दोन घास खाल्ले की पोट गच्च झालं म्हणते, वजन बरंच उतरलंय, चार महिने पाळी नाही. पण हाडकुळी दिसत नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं का? न्या, याच आठवड्यात. हा खाण्याचा आजार असू शकतो.

मी नाशकात बरीच वर्षं आहारतज्ज्ञ आहे. 'मला खाण्याचा आजार आहे' असं म्हणत क्वचितच कुणी येतं. केस गळतात, चक्कर येते, पोट फुगतं, अशा तक्रारी घेऊन येतात, तेही आईने ओढून आणलं म्हणून. जाड व्हायची भीती आपल्याकडच्या मुली बोलून दाखवतीलच असं नाही. 'जेवण जातच नाही' एवढंच म्हणतात. चतुर्थी-एकादशीच्या उपासात तर सगळं झाकलं जातं, वर घरात कौतुक होतं. उलट्या काढणाऱ्यांचं कधीकधी आधी दातांच्या डॉक्टरांना कळतं, कारण आम्लाने पुढच्या दातांची आतली बाजू झिजते.

कॉलेज रोडला क्लासला जाणारी एक मुलगी आली होती. मूळची चांगली जाड, सहा महिन्यांत वीसेक किलो उतरलेली. मी तिला शाबासकी दिली. नाडी बघितली नाही. पुढे ती क्लासमध्येच कोसळली, तेव्हा हृदयाचे ठोके मिनिटाला जेमतेम चाळिशीत होते. ते मला अजून बोचतं.

वजन आकड्यात बसतं तरी झपाट्याने घटलं असेल तर हृदयावर तसाच ताण येतो. बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन मग उलट्या वगैरे करून ते काढून टाकण्याच्या आजारात, तर वजन बहुधा बेताचंच असतं. अ‍ॅनोरेक्सियाच्या, म्हणजे उपाशी राहून वजन घटवत नेण्याच्या आजाराच्या, निदानासाठी पाळी थांबलेली असण्याची अट मानसिक आजारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेने २०१३ मध्येच काढली. त्यामुळे पाळी परत आली तरी निर्धास्त होऊ नका. आणि हे मुलग्यांनाही होतं, जिमच्या नादात लपून जातं.

आधी फिजिशियनकडून नाडी, झोपून आणि उभं राहून बीपी, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम-फॉस्फरस बघून घ्या. बरेच दिवस उपाशी असेल तर एकदम भरपूर खाऊ घालू नका. फॉस्फरस अचानक घसरून जिवावर बेततं. किती नि कसं वाढवायचं, ते डॉक्टर ठरवतील. या वयात पुढे जेवणाची सूत्रं काही काळ आईवडिलांनी हातात घ्यायची पद्धत चांगली लागू पडते.

ती 'मला काही झालेलं नाही' म्हणेल. या आजारात बहुतेक जण असंच म्हणतात, तेव्हा तिच्या होकारासाठी अडून बसू नका. कुठून सुरुवात करावी सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तपासण्यांचे रिपोर्ट आले की इथेच लिहा, मी बघते.