बाबा अकडू नाही झाले रे

पत्र असं आहे: "ताई, आम्ही आर्णीकडच्या एका खेड्यात राहतो. बाबा ७६ चे. दोन वर्षांपासून विसरतात, डॉक्टर डिमेन्शिया म्हणाले. दिवाळीपासून तीनदा पडले. एकदा उंबरठ्यात, बायकोनं चहाला हाक मारली तेव्हा. एकदा न्हाणीपाशी. आणि परवा पाराकडं जाताना, मी सोबत असूनही, सोसायटीची पावती कुठं ठेवली एवढंच विचारत होतो. कानशिलाला टेंगूळ आलं. आम्ही दिवसभर सांभाळून चला, काठी घ्या करत असतो पण ऐकतच नाहीत. अकडू पण झालेत, चालता चालता काही विचारलं तर जागीच उभे राहतात मग बोलतात, मला शेतात उशीर होतो म्हणून मी चला चला करतो. पुण्याचा भाऊ म्हणतो पार बंद करा, बाजेवरच बसवून ठेवा. करू का?"

भाऊ, बाजेचं नंतर बघू. आधी तो अकडू शब्द मागं घे.

तुझे बाबा थांबतात कारण त्यांना चालणं आणि बोलणं दोन्ही एकदम जमत नाही. तुला मला चालताना पायाकडं लक्ष द्यावं लागत नाही, ते आपसूक होतं. या आजारात तसं राहत नाही, एकेक पाऊल डोकं लावून टाकावं लागतं, आणि बोलायलाही तेच डोकं लागतं. तुमच्याकडं डीपीवर लोड आला की काय होतं ते तुला मी सांगायला नको, शेजाऱ्यानं मोटर चालू केली की तुझी नुसती घरघरते. बाबा काय करतात, तर बोलायची मोटर चालू करायच्या आधी चालायची बंद करतात. कोणी शिकवलं नाही त्यांना. आणि तू मागून चला चला करतो!

हे माझ्या मनाचं नाही. १९९७ मध्ये स्वीडनच्या लोकांनी ५८ म्हाताऱ्या माणसांसोबत चालता चालता गप्पा काढल्या. १२ जण बोलायसाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ मधले १० पडले. म्हणजे बोलायसाठी थांबणारा माणूस पडायच्या बेतात असतो, पण तो थांबल्यामुळं पडत नाही रे, मला तर वाटतं थांबू दिलं नाही की पडतो.

आता तुझंच पत्र परत वाच. उंबरठ्यात पाय उचललेला आणि आतून हाक. पाराच्या वाटेवर पाऊल टाकताना पावतीचा प्रश्न. न्हाणीचं तू काही लिहिलं नाहीस, पण मला दिसतंय, हातात टमरेल, खाली ओली फरशी, आणि तिकडून बायको, इकडून पोरगं, "बाबा कुठी चाल्ले, काठी घ्या ना, तिथं वल्लं हाये, अजी सांभाळून!" एका माणसाला चार आवाज. ते ऐकत नाहीत असं तू म्हणतो, मला तर वाटतं सगळं ऐकतात, म्हणूनच पडतात. तुमची काळजी खरी आहे, नाही म्हणत नाही, पण ती तोंडानं करू नका.

तर काम एकच. बाबा पायावर असताना घरात कोणी बोलायचं नाही. हाक नाही, सूचना नाही, प्रश्न तर अजिबात नाही. काही सांगायचंच असेल तर समोर जायचं, त्यांना दिसायचं, ते थांबले की बोलायचं, बोलणं संपलं की मग पाऊल. काठीची आठवण करण्यापेक्षा काठी हातात दे. बायकोला आणि पोरांना आज रात्रीच जेवताना सांग.

बाजेवर बसवायचं तर नावच काढू नको. धडधाकट म्हातारे दहा दिवस नुसते पलंगावर ठेवले तर पायातलं मांस जवळजवळ किलोभर उतरलं, हे मोजून पाहिलेलं आहे. पुण्यात बसून बाज सांगणं सोपं आहे, भावाला म्हणावं ये आणि महिनाभर बाबांसोबत पारापर्यंत चाल, गुपचूप.

टेंगळाचं मात्र हलक्यात घेऊ नको. या वयात डोक्याला मार लागला की आत रक्त हळूहळू साचू शकतं, कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी कळतं. जास्त झोपू लागले, डोकं दुखतं म्हणाले, उलटी झाली, एक पाय ओढू लागले, एकदम जास्तच बरळू लागले तर त्याच दिवशी यवतमाळ गाठ. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर वाट पाहायचीच नाही, आजच. जाशील तेव्हा सगळ्या गोळ्या पिशवीत घालून ने, मेडिकलवरून आणलेली झोपेची असेल तर तीसुद्धा, त्या गोळीनं म्हातारी माणसं फार पडतात. आणि बीपी झोपवून एकदा अन् उभं करून एकदा मोजा म्हणावं, वरचा आकडा वीसनं उतरला तर उठल्या उठल्या चक्कर त्याचीच.

उद्यापासून पाराला जाताना अर्धा तास जास्तीचा धर. शेत कुठं पळून जात नाही. त्यांच्या बाजूनं चाल, मागून नको, जिथं थांबतील तिथं तूही थांब, दुपट्टा सारखा करू दे त्यांना. पावतीचं पारावर बसल्यावर विचार. नाहीच आठवलं तर सोसायटीतून दुसरी काढून आण.