पट्टीवर प्रोटीन ‘निल’, मग परत लघवीची तपासणी कशाला?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही देवगडजवळचे. बाबा ६४ वर्षांचे, आंब्याची कलमं आहेत. तीनचार महिने कंबर दुखतेय, आधी वाटलं पेट्या उचलून झालं असेल, मग हिमोग्लोबिन ८.४ आलं. आता डॉक्टरांनी २४ तासांची लघवी साठवून बेन्स जोन्स प्रोटीन तपासायला सांगितलंय. पण मागच्याच महिन्यात सरकारी दवाखान्यात लघवी तपासली तेव्हा प्रोटीन निल होतं! बाबा म्हणतात, माका काय झाला नाय, कशाक उगाच पैसे घालवतास. काय करू?

उत्तर: ताई, तपासणी कराच, आणि ते ‘निल’ बघून निर्धास्त राहू नका. दवाखान्यात जी रंग बदलणारी पट्टी बुडवतात ना ती मुख्यतः अल्ब्युमिन (रक्तातलं एक नेहमीचं प्रोटीन) पकडते, आणि तुमच्या डॉक्टरांना जे शोधायचंय ते अल्ब्युमिन नाहीच. आपल्या हाडांच्या मगजात प्लाझ्मा पेशी असतात, त्या अँटीबॉडी बनवतात, त्यातलीच एखादी पेशी बेसुमार वाढली (मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये हेच होतं) की एकाच छापाचं प्रोटीन भरमसाठ तयार होतं आणि त्याचे छोटे तुकडे, म्हणजे लाइट चेन, किडनीतून गळून लघवीत येतात. हेच बेन्स जोन्स प्रोटीन. पट्टीला हे बरेचदा दिसतच नाही.

गंमत म्हणजे हे सापडलं ते अगदी साध्या पद्धतीनं. १८४५ साली लंडनमधल्या एका हाडं दुखणाऱ्या किराणा व्यापाऱ्याची लघवी हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टरांकडे तपासायला आली होती. हे प्रोटीन ४० ते ६० डिग्रीला गरम केलं की साका धरतं, उकळी आली की विरघळतं, गार झालं की पुन्हा दिसतं. आता कोणी उकळत बसत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस करतात, म्हणजे जेलवर वीज सोडून प्रोटीनं वेगळी करतात, एकाच छापाचं असेल तर बारीक ठळक पट्टा उमटतो, आणि इम्युनोफिक्सेशन केलं की लाइट चेनच्या दोन प्रकारांपैकी ते कप्पा आहे की लॅम्ब्डा ते कळतं.

आता डब्याचं नीट ऐका कारण खरा घोळ इथेच होतो. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची, तिथून पुढची प्रत्येक लघवी डब्यात, रात्रीची पण, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवीसुद्धा डब्यातच. बाबा बागेत जाणार असतील तर सोबत स्वच्छ बाटली द्या, नाहीतर त्या दिवशी घरीच थांबवा. एकदा जरी कलमाखाली उरकून आले तर एकूण प्रमाण चुकतं, मग लपवू नका, दुसऱ्या दिवशी नव्यानं सुरू करा. डबा फ्रिजमध्ये ठेवा, आणि लॅबपर्यंत लांब जायचं असेल तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून न्या, आपल्याकडे मासे नेतात तसा. डब्यात काही घालायचं का ते लॅबलाच विचारा, स्वतःच्या मनानं काही नको.

सोबत रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस, फ्री लाइट चेन, कॅल्शियम आणि क्रिएटिनिनही होऊ द्या, नुसत्या लघवीवर निदान होत नाही.

आणि हे मला फार कळकळीनं सांगायचंय, कंबरेसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन आणून देत असाल तर आजच बंद करा. ही प्रोटीनं किडनीच्या नळ्यांत साचून त्या तुंबवतात, त्यात या गोळ्यांची भर पडली तर किडनी झटक्यात बसू शकते. पर्यायी गोळी डॉक्टरांना विचारा, आणि त्यांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर भरपूर पाणी द्या. पाय लुळे पडले किंवा लघवी अडली तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी बांबोळी (गोव्याचं मेडिकल कॉलेज) किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

प्रश्न: आईच्या रक्तात ‘एम बँड’ निघाला, बाकी सगळं नॉर्मल. कॅन्सर आहे का? (मालवण)

उत्तर: लगेच तसं धरू नका. एम बँड म्हणजे वर सांगितलेला एकाच छापाच्या प्रोटीनचा पट्टा. पन्नाशीनंतर साधारण १०० पैकी ३ जणांत असा थोडा बँड असतो, त्याला एमगस म्हणतात, आणि त्यातल्या वर्षाला साधारण १ टक्का लोकांतच पुढे मायलोमासारखा आजार होतो. पण बाकी सगळं नॉर्मल म्हणजे काय काय तपासलं ते बघा, लघवी आणि फ्री लाइट चेन राहिलं असेल तर करून घ्या आणि हेमॅटॉलॉजिस्टना (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांना) दाखवा, पुढची तपासणी कधी ते ते ठरवतील.