आजोबा पोटाचंच का विचारतात?

प्रिय सई,

रविवारी गाडीत तू जे विचारलंस त्याला मी उत्तर दिलं नाही. सिग्नल हिरवा झाला आणि मी रेडिओ लावला. तुला वाटलं असेल, बाबाला ऐकू आलं नाही. आलं होतं.

आजोबांचा व्हिडिओ कॉल चालू होता, तुझी मैत्रीण शेजारी बसलेली. स्क्रीनवर आजोबांचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा, आणि पहिलाच प्रश्न : "काय गं सई, पोट साफ होतं ना रोज?" मैत्रिणीने विचारलं, काय म्हणाले? तू म्हणालीस, अभ्यासाचं विचारतायत. मग गाडीत मला : "बाबा, आजोबा मला फक्त पोटाचंच का विचारतात? त्यांना माझ्याबद्दल दुसरं काही जाणून घ्यायचं नसतं का?"

पहिल्या प्रश्नावर मी हसलो असतो. दुसरा लागला.

बोलायला लागलो की माझं लेक्चर होतं, म्हणून लिहितोय. सावकाश वाच. शब्द अडला तर आईला विचार. मला विचारलंस तर आणखी चार पानं वाढतील.

आमच्या कऱ्हाडच्या वाड्यात संडास मागच्या अंगणाच्या टोकाला होते. तीन बिऱ्हाडं आणि दोन संडास. सकाळी टमरेल हातात घेऊन रांग लागायची, त्यामुळे कोण गेलं, कोण नाही, कोण किती वेळ बसलं, हे वाड्यात सगळ्यांना ठाऊक असायचं. "परसाकडे जाऊन आलास का?" हे बेबीआत्या "चहा घेतलास का?" याच सुरात विचारायची. लाजायचं असतं हे मला पुण्याला हॉस्टेलवर गेल्यावर कळलं. तुझ्या बाथरूमला आतून कडी आहे, पंखा आहे, मेणबत्तीसुद्धा आहे. तुला तो प्रश्न घाण वाटला तर त्यात तुझं काही चुकलं नाही.

मे महिन्यात आंबे-फणस खाऊन सगळी भावंडं सुस्तावली की एक रविवार एरंडेलाचा असायचा. माई (फोटोत नऊवारीत आहे ती) सुंठीचा काढा उकळायची आणि पितळी वाटीत ओतून वर एरंडेल सोडायची. त्याचा जाड, पिवळट तवंग हलायचासुद्धा नाही. मी कणगीमागे लपायचो आणि अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, मला तिथून काढायचे. नाक दाबून एका घोटात. मग दिवसभर रांग, आणि संध्याकाळी मऊ भात, तूप, मीठ. त्या मऊ भातासारखं मी पुढे कुठे काही खाल्लेलं नाही, पण तो एरंडेलाशिवायही मिळाला असता हे आता वाटतं.

गंमत अशी, की एरंडेल आपलं आपण काही करत नाही. तू शाळेसाठी केलेल्या पचनसंस्थेच्या पोस्टरवर स्वादुपिंडातून नारिंगी ठिपके सोडलेस ना, लायपेजचे, म्हणजे चरबी पचवणाऱ्या पाचकरसाचे? ते लहान आतड्यात या तेलाचे तुकडे करतात आणि त्यातून रिसिनोलेइक आम्ल सुटतं. आतड्याच्या स्नायूंना पिळायला लावतं ते हे आम्ल. ते नेमकं कुठल्या कुलपाला किल्ली लावतं, ते संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं. म्हणजे आमच्याच पोटाने ते तेल पचवायचं आणि आमच्यावर उलटवायचं. माईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "बरं, आता पी."

निरोगी पोराला दर सुट्टीत जुलाब देण्याची काही गरज नव्हती. मी तुला कधी दिला नाही, देणारही नाही. पण आजोबांच्या सगळ्याच गोष्टी मोडीत काढता येत नाहीत. जेवणावर ताक घे म्हणतात. दूध ज्यांना बाधतं अशा पुष्कळांना ताक चालतं, कारण दुधातली साखर विरजणातल्या जिवाणूंनी थोडी आधीच फोडलेली असते. दुपारी ते डाव्या कुशीवर लवंडतात. जठर डावीकडे झुकलेलं, त्यामुळे तसं निजलं की आम्ल खालच्या बाजूला राहतं, घशाकडे कमी येतं. अर्थात अण्णांना हे माहीत नाही. त्यांचे वडील तसे झोपायचे म्हणून तेही तसे झोपतात. "मग याला विज्ञान कशाला म्हणायचं?" असं तू विचारशील. नको म्हणूस.

मागच्या उन्हाळ्यात आपण मिशिगनमधल्या मॅकिनॉ बेटावर गेलो होतो. तुला घोडे आणि फज आठवत असेल. मला ते छोटं म्युझियम आठवतं. 1822 मध्ये तिथल्या फर कंपनीच्या दुकानात चुकून बंदूक उडाली आणि सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटाला भोक पडलं. तो जगला, भोक मात्र बुजलं नाही. ज्याने त्याला वाचवलं त्या डॉक्टर बोमाँटने मग रेशमाच्या दोऱ्याला मांस, पाव, कोबी बांधून त्या भोकातून आत सोडले आणि तासातासाने ओढून पाहिले. तू "ईईई" करून बाहेर पळालीस. पुढची पाटी मी वाचत थांबलो. तो माणूस चिडला की त्याचं पचन बिघडतं, हेही डॉक्टरने टिपून ठेवलं होतं. आमच्या घरी ताटावर भांडलं की अण्णा म्हणायचे, "आधी गिळा, मग भांडा."

अण्णा एरवी बोलायचे फार कमी. दहावीचा निकाल लागला तेव्हा म्हणाले, "बरं झालं." बस. हॉस्टेलवर मात्र दर पंधरा दिवसांनी निळं आंतरदेशीय यायचं. मजकूर ठरलेला : "अनेक आशीर्वाद. मेसचे जेवण कसे आहे? पोट साफ राहते ना? ताक मिळते का? पैसे लागल्यास कळवणे." ती पत्रं बेसमेंटमध्ये बुटाच्या खोक्यात आहेत. त्यांत मी कसा आहे, मित्र मिळाले का, घरची आठवण येते का, असं एकदाही विचारलेलं नाही. तेव्हा मलाही तुझ्यासारखंच वाटायचं.

दुसऱ्या वर्षी मी गणितात नापास झालो. घरी सांगितलं नाही. तीन आठवडे जेवण अंगी लागेना, सकाळी पेपरचं नाव काढलं की पोटात कळ. पत्राच्या उत्तरात निकालाचं टाळलं आणि शेवटी सहज लिहिलं, "पोट जरा बरं नाही." चौथ्या दिवशी संध्याकाळी खोलीच्या दारात अण्णा. कऱ्हाडहून एसटीने आलेले, पिशवीत मेतकुटाचा डबा. माझ्या खाटेवर बसले, छताकडे पाहिलं, म्हणाले, "कुठल्या विषयात?"

आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशी असतात आणि मेंदूशी त्यांची सतत ये-जा चालू असते, हे तुझ्या पुस्तकात चौकटीत दिलंय. अण्णांनी ती चौकट वाचलेली नव्हती.

आता एक गोष्ट, जी तुला तेव्हा सांगितली नाही. मागच्या फेब्रुवारीत मी घाईने भारतात गेलो. "आजोबांचं छोटंसं ऑपरेशन आहे," एवढंच तुला कळलं. छोटं नव्हतं. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणाला पीळ पडला होता, पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. तेवढा भाग कापून टाकावा लागला. ऑपरेशननंतर आतडी काही काळ रुसून बसतात. तू पोस्टरवर अन्न पुढे ढकलणारे बाण काढलेस, ते बाण थांबतात. डॉक्टर दिवसातून दोनदा पोटावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकायचे आणि विचारायचे, "वारा सरला का?" आतडी पुन्हा चालू लागल्याची ती खूण. तोवर पोटभर जेवण नाही.

दोन दिवस आम्ही सगळे त्या एका वाऱ्याची वाट पाहत होतो. सुमनकाकू फोन करून विचारायची, वॉर्डबॉय विचारायचा, शेजारच्या खाटेवरच्या माणसाची सूनही विचारायची. डॉक्टरांनी अण्णांना च्युइंगगम चघळायला दिलं, आयुष्यात पहिल्यांदा. तोंड चावायला लागलं की खाली आतड्यांना वाटतं जेवण आलं, आणि कधीकधी ती लवकर जागी होतात. अण्णा उशीला टेकून डोळे मिटून चघळत होते आणि बोटांवर मोजत होते. घास बत्तीस वेळा चावायचा असतो ना.

मी दर तासाला विचारत होतो, "अण्णा, झालं का?" इतकी वर्षं फोनवर मी त्यांना पाऊस विचारला, मॅच विचारली, गुडघे विचारले. इतक्या जीव तोडून काही विचारल्याचं मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला त्यांनी खाटेच्या दांडीवर टकटक केलं. "झालं रे," म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले. मी बाहेर जिन्यात येऊन तुम्हाला फोन केला. तुमच्याकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सहा, तुम्ही जेवायला बसत होतात. तू आईला विचारलंस, "बाबा का रडतोय?" आई म्हणाली, "आजोबांना बरं वाटतंय." ते खरंच होतं. नेमकं काय झालं होतं ते तुला आज कळलं.

"दुसरं काही जाणून घ्यायचं नसतं का?" असतं. शनिवारी ते मला वेगळा फोन करतात. तुझ्या पोहण्याच्या स्पर्धेची वेळ त्यांनी कालनिर्णयवर लिहून ठेवलीये, दोनदा खोडून, कारण साडेदहा तासांचा हिशेब त्यांचा चुकतो. मागच्या महिन्यात तुझं मैत्रिणीशी बिनसलं होतं, ते मिटलं का हेही विचारलं. तुलाच का विचारत नाहीत? त्यांना इंग्रजी धड येत नाही, तुझं मराठी भराभर बोलायला गेलं की अडखळतं. 'पोट' हा शब्द दोघांनाही येतो. हे त्यांच्या वतीने मीच ठरवतोय, कदाचित त्यांना नुसती पोटाचीच काळजी असेल. आतडं कापून झालेल्या माणसाला ती असणारच.

मैत्रिणीसमोर विचारू नका, एवढं मी त्यांना सांगेन. कसं सांगायचं ते ठरत नाहीये, आत्ताच पोटात गोळा आलाय.

आणि ते पोस्टर त्यांना दाखवशील का? आजीच्या हिरव्या लोकरीचं सहा मीटर लहान आतडं तू दिवाणखान्यात सोफ्यापासून फ्रीजपर्यंत नेलंस आणि मग वेटोळी करून कागदावर बसवलंस, ते त्यांना फार आवडेल. नाही दाखवलंस तरी चालेल. शाळेत नेण्याआधी एक मात्र बघ : सगळा अन्नमार्ग आतून टेनिस कोर्टएवढा असं तू लिहिलंयस. 2014 मध्ये स्वीडनमधल्या दोघांनी पुन्हा मोजून ते सुमारे 32 चौरस मीटर ठरवलं, म्हणजे अर्धं बॅडमिंटन कोर्ट. बाईंना सांगायचं की नाही ते तू ठरव.

तुझा
बाबा

ता. क. गेल्या महिन्यात शाळेच्या कॅम्पवरून तू फोन केलास तेव्हा मी पहिलं काय विचारलं ते मला आठवतंय. तू "बाबाऽऽ!" म्हणून फोन ठेवलास. पण आधी "हो" म्हणालीस.