दीड वर्षाच्या बाळाचं हिमोग्लोबिन ९.२ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) आलंय. लोहाचं औषध टाळून नाचणी सत्त्व, गूळ, बीट यांवर भागेल का?

नाही भागणार. या वयात हिमोग्लोबिन ११ च्या आसपास हवं. ९.२ म्हणजे शरीरातला लोहाचा साठा आधीच संपलेला असण्याची शक्यता मोठी. जेवणातून रोजची गरज भागते. रिकामा साठा भरायला औषधच लागतं.

तुम्ही लिहिलंय की बाळ दिवसातून तीनदा दुधात शिजवलेलं सत्त्व खातं आणि जेवायला मागत नाही. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. सत्त्व करताना आपण नाचणी वाटून फडक्यातून गाळतो आणि चोथा टाकतो. खाली बसतो तो मुख्यतः स्टार्च, त्यात लोह फारसं उरत नाही. दुधात तर लोह नगण्यच. शिवाय त्यातलं कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन इतर अन्नातलं लोह शोषू देत नाहीत, आणि पोट भरल्यामुळे भूकही मरते. दूध दिवसाला ४०० मिलिलिटरच्या आत आणा, बाटली बंद करा. सत्त्वाऐवजी मोड आणून, सुकवून, भाजून दळलेलं नाचणीचं पीठ पाण्यात शिजवा. मोड आल्यावर लोह अडवणारं फायटेट कमी होतं.

औषधाचा उपचाराचा डोस किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम मूळ लोह असा असतो. साडेनऊ किलोच्या बाळाला साधारण २८ मिलिग्रॅम. बाटलीवर 'इलेमेंटल आयर्न'समोरचा आकडा बघा, फेरस सल्फेटचा किंवा फ्युमरेटचा नव्हे. ड्रॉप्स आणि सिरप यांची तीव्रता वेगळी असते, त्यामुळे बाटली बदलली की किती मिली द्यायचं ते डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्या. आशाताई देतात ते आठवड्यातून दोनदा १ मिलि (२० मिलिग्रॅम लोह) प्रतिबंधासाठी असतं. उपचार सुरू आहे हे त्यांना सांगा, दोन्ही एकदम देऊ नका.

औषध दोन जेवणांच्या मध्ये, पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या रसाबरोबर द्या. दूध, चहा, कॅल्शियमचं सिरप यांत दोन तासांचं अंतर ठेवा. ड्रॉपरने जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, वर पाणी पाजा, नाहीतर दात काळे पडतात. शी काळी होणारच, त्यासाठी औषध थांबवू नका. मळमळ किंवा उलटी झाली तर थोडं खाल्ल्यावर द्या. बाटली मात्र कुलपात ठेवा: एकदम जास्त लोह पोटात गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेततं.

जेवणात तुमच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) उत्तम. वाळू काढून, शिंपले उघडेपर्यंत शिजवून, मांस बारीक वाटून मऊ भातात कालवा. खारवलेलं सुकट नको. शाकाहारी घरात कुळथाची पिठी, लाल माठ, अळीव, आणि त्याच घासाबरोबर लिंबू, आवळा किंवा पेरूचा कुस्करलेला गर. गूळ-बिटात लोह फार थोडं असतं.

जंताचं औषध झालं नसेल तर विचारा. १ ते २ वर्षांच्या मुलाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी (२०० मिलिग्रॅम) चुरून पाण्यात देतात.

महिन्याने रक्त पुन्हा तपासा. निदान १ ग्रॅम वाढ हवी. आकडा नीट झाल्यावरही साठा भरण्यासाठी औषध आणखी दोन-तीन महिने चालू ठेवतात. नेमाने देऊनही वाढ नसेल तर थॅलेसेमियाच्या (आनुवंशिक रक्तविकाराच्या) वाहकतेसाठी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं, धाप लागली किंवा अंगावर सूज आली तर महिनाभर थांबू नका, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा.