डीडीची यादी सुरू कुठून करायची?

तुम्ही विचारलंय की धापेची, छातीदुखीची कारणं पाठ आहेत, पण पेशंटसमोर उभं राहिलं की एकतर काहीच सुचत नाही किंवा वीस आजार एकदम आठवतात. मग डिफरन्शियल डायग्नोसिस (डीडी), म्हणजे शक्य असलेल्या आजारांची यादी, मांडायची कशी? मी मेडिसिनमध्ये काम करते. मला वाटतं तुमचं पाठांतर ठीक आहे, यादीच्या आधीचं एक वाक्य राहून जातंय.

इंटर्नशिपमध्ये एका रात्री बाहेरून ‘दमा’ असं लिहिलेली चिठ्ठी घेऊन एक पेशंट आली. धाप होती, छातीत व्हीझ (श्वासाचा शिट्टीसारखा आवाज) होता. मी नेब्युलायझेशन (श्वासावाटे फवाऱ्याचं औषध) दिलं, फरक पडेना. सरांना फोन केला, “सर, दम्याची पेशंट आहे, धाप कमी होत नाहीये.” ते म्हणाले, “दमा हा शब्द काढ आणि परत सांग.”

मला सांगताच येईना. पुन्हा खाटेपाशी जाऊन हिस्टरी घेतली, तेव्हा वाक्य असं झालं: पूर्वी कधीही दमा नसलेली २९ वर्षांची स्त्री, प्रसूतीनंतरचा तिसरा आठवडा, चार दिवसांत वाढत गेलेली धाप, आडवं झालं की जास्त, दोन्ही पायांना सूज.

या वाक्यातून यादी आपोआप वेगळी निघते. पल्मनरी एम्बोलिझम (फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी), पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी (प्रसूतीच्या सुमारास हृदयाचा स्नायू कमजोर होणं), तोवर लपून राहिलेला मायट्रल स्टेनोसिस (हृदयाची झडप अरुंद होणं), न्यूमोनिया, तीव्र अ‍ॅनिमिया. दमा पार खाली जातो, कारण फुप्फुसात पाणी साचलं तरी व्हीझ ऐकू येतो. म्हणून वय, आजार किती दिवसांचा, पेशंटची परिस्थिती (इथे नुकतीच झालेली प्रसूती) आणि सगळ्यात ठळक लक्षण एवढं एका वाक्यात बसवा, आणि त्यात निदानाचं नाव घालू नका. दुसऱ्याने दिलेलं तर मुळीच नको.

यादी झाली की तिला दोन प्रश्न विचारा: यातलं सर्वात शक्य काय, आणि यातलं आज रात्री जीव घेऊ शकेल असं काय? दोन्हींची उत्तरं बहुतेक वेळा वेगळी येतात. दुसऱ्या उत्तरातला आजार शक्यता कमी असली तरी तपासून बाजूला करायचा असतो, नुसता मनातल्या मनात नाही.

तपासण्यांबद्दल एवढंच, की रिपोर्ट यायच्या आधी तुमचा अंदाज ठरलेला हवा. डी-डायमर (गुठळीचा अंदाज देणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह आला तर एम्बोलिझम बाजूला करता येतो, पण मुळात शंका कमी असेल तेव्हाच. आणि प्रसूतीनंतर तो काही आठवडे तसाही वाढलेला असतो. या पेशंटमध्ये पॉझिटिव्ह आला असता तरी हाती काय लागलं असतं? इथे उपयोग इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) होता. त्यात डाव्या वेंट्रिकलचं इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला बाहेर ढकललेल्या रक्ताचं प्रमाण, २५ टक्के निघालं, नेहमीपेक्षा खूप कमी. कार्डिओमायोपॅथी.

अजून एक सवय लावून घ्या, मला ती फार उशिरा लागली. पहिल्या क्रमांकाचं निदान लिहिलं की त्याखाली ‘काय जुळत नाही’ अशी एक ओळ लिहा. त्या रात्री मी ती लिहिली असती तर तिच्यात ‘दम्याची हिस्टरी नाही, पायांना सूज’ एवढं तरी आलं असतं. ओळ रिकामी राहिली तर आधी हिस्टरी पुरी घेतलीय का ते बघा. आणि उपचाराला अपेक्षेइतका प्रतिसाद आला नाही, तर डोस वाढवण्याआधी तेही त्याच ओळीत लिहा.