जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० ठेवावं, लिनक्स टाकावं की मॅक घ्यावा?

तुमच्याकडे २०१६ चा लॅपटॉप आहे, त्यावर विंडोज १०. बँकेचे व्यवहार, जीएसटीचं काम आणि घरचे फोटो, सगळं त्याच्यावरच. दुकानदार म्हणतो, "लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाका, त्याला व्हायरस येतच नाही," आणि तुम्ही विचारताय की तिन्हींत सगळ्यात सुरक्षित कोणतं.

दुकानदाराचा सल्ला मला पटतो, पण त्याने दिलेलं कारण पटत नाही. आणि त्या कारणावर विसंबून लिनक्स टाकलंत तर फसाल.

खरं कारण अपडेटचं आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन नोंदणी केली, तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. त्यापुढे सुरक्षेतलं नवं भोक सापडलं की ते उघडंच राहणार. २०१७ मध्ये वॉनाक्राय या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर संगणक बंद पाडले, तेव्हा तो ज्या भोकातून शिरला त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्चलाच दिलेला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता तेच सापडले. तुमचा प्रोसेसर बहुधा विंडोज ११ च्या यादीत बसणार नाही. तपासणी चुकवून ते बसवता येतं, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून मी तो मार्ग सुचवणार नाही. लिनक्स मिंट २२ ला (मिंट हा लिनक्सचाच एक प्रकार) मात्र २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

आता "व्हायरस येत नाही" याबद्दल. तुम्ही चालवलेल्या प्रोग्रामला तुमचेच अधिकार मिळतात. लिनक्समध्ये सिस्टिमच्या फाइलींना हात लावायला पासवर्ड लागतो हे खरं, पण तुमचे फोटो आणि ब्राउझरमधली लॉगिनं तुमच्याच मालकीची. ती चोरायला किंवा कुलूपबंद करायला त्या पासवर्डची गरजच पडत नाही. शिवाय मिंट आपोआप एक्स-११ या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर चालतं, आणि तिथे एका खिडकीत टाइप केलेलं दुसरा प्रोग्राम गुपचूप वाचू शकतो. या बाबतीत मॅक पुढे आहे: २०१९ च्या कॅटालिना या मॅकच्या आवृत्तीपासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स किंवा तुम्ही दाबलेल्या कळा वाचायच्या असतील तर प्रोग्रामला आधी तुमची परवानगी घ्यावी लागते. विंडोजमध्ये अनोळखी प्रोग्रामला फोल्डरांतल्या फाइली बदलू न देणारी सोय डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसमध्ये आहे, पण ती वाचणं थांबवत नाही आणि मुळात बंद असते. अर्थात मॅकही अभेद्य नाही. २०१२ मध्ये जावातल्या एका भोकातून फ्लॅशबॅक नावाचा व्हायरस सुमारे सहा लाख मॅकमध्ये शिरला होता. जावा बनवणाऱ्या ओरॅकलने फेब्रुवारीत दिलेली दुरुस्ती अ‍ॅपलकडून एप्रिलमध्ये आली.

मिंटचा खरा फायदा म्हणजे सॉफ्टवेअर एकाच, डिजिटल सही केलेल्या भांडारातून येतं, कुठल्या तरी साइटवरून सेटअप उतरवावा लागत नाही. पण सॉफ्टवेअर तयार होऊन त्या भांडारात येण्याच्या साखळीवरही हल्ले होतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्समधल्या फाइली आकसण्याच्या लायब्ररीत मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची मुद्दाम ठेवलेली वाट, सापडलं, तेही एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या यंत्रावर दुरून शिरण्याला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने खोदून काढलं म्हणून. ते नेहमीच्या वापरातल्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत पोचलं नव्हतं.

विंडोज ठेवणार असाल तर एक गोष्ट आजच बघा. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या मॅनेज सेटिंग्जमध्ये जा आणि खाली एक्स्क्लूजन्स, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागा, बघा. ही यादी रिकामी हवी. क्रॅक केलेलं विंडोज टाकताना अ‍ॅक्टिव्हेटर (परवान्याशिवाय विंडोज चालू करणारा प्रोग्राम) पकडला जाऊ नये म्हणून तिथे एखादं फोल्डर, कधी कधी अख्खा सी ड्राइव्हच घातलेला असतो. मग डिफेंडर हिरवी खूण दाखवत राहतो आणि त्या जागी काही तपासतच नाही. अशी नोंद दिसली तर ती नुसती काढून भागत नाही. फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढून सगळं नव्याने टाकावं लागतं, आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावे लागतात.

मिंट टाकताना फाइल अधिकृत साइटवरूनच घ्या आणि तिचा शा-२५६ आकडा (फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा) व त्या आकड्यांच्या फाइलवरची सही दोन्ही पडताळा. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटची साइट फोडून १७.३ सिनॅमनची लिंक बदलली गेली होती, म्हणून हा वेळ वाया गेला असं समजू नका. इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क' निवडलं की पूर्ण डिस्क पुसली जाते. डी ड्राइव्हसुद्धा! तो वाचेल असं समजून अनेकांचे फोटो गेलेत, तेव्हा बॅकअप आधी. तिथेच अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्समध्ये एन्क्रिप्शन निवडा. लॅपटॉप चोरीला गेला तर तेच उपयोगी पडतं, आणि नंतर ते लावायचं म्हणजे बहुधा पुन्हा पहिल्यापासून. त्याचा पासवर्ड विसरलात तर डेटा परत मिळवायचा मार्ग नाही, म्हणून कागदावर लिहून कपाटात ठेवा. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेली प्रणालीच चालू देणारी सोय) चालूच राहू द्या. फायरवॉल मुळात बंद असते, ती चालू करा आणि अपडेट मॅनेजरच्या प्राधान्यांमध्ये आपोआप अपडेट लावा.

हे सगळं करण्याआधी जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन वापरता का ते सांगा. त्याचे ड्रायव्हर आणि सही करणारा प्रोग्राम लिनक्सवर चालतीलच असं नाही. मिंट पेनड्राइव्हवरून, काही न पुसता चालवून बघता येतं. तिथे टोकन, त्याचा ड्रायव्हर आणि सहीचा प्रोग्राम लावा आणि सही होते का पाहा. नाही झाली, तर नोंदणी करून विंडोज १० तेवढ्या कामापुरतं ठेवा, आणि बँकेचं काम अपडेट मिळणाऱ्या दुसऱ्या यंत्रावर करा.