‘अल्गोरिदमने संगनमत केले’: कर्ता की करण?

अमेरिकेतील घरभाड्यांविषयीच्या एका बातमीला ‘अल्गोरिदमने केले संगनमत’ असा मथळा होता. अल्गोरिदम म्हणजे इथे भाडे किती घ्यावे हे हिशेबाने सुचवणारे सॉफ्टवेअर. त्यावरून एका वाचकाने विचारले आहे की, घरमालक कंपन्या एका टेबलाभोवती बसल्याच नसतील, तर इथे ‘संगनमत’ म्हणता येईल का, आणि त्याऐवजी ‘साटेलोटे’ हा शब्द अधिक नेमका ठरेल का.

‘साटेलोटे’ इथे बसत नाही. आपली मुलगी त्या घरी द्यायची आणि त्यांची मुलगी सून म्हणून आपल्या घरी आणायची, हा त्याचा मूळ अर्थ आहे, आणि आजच्या वापरातही त्यातली देवाणघेवाण टिकून आहे. म्हणूनच अधिकारी आणि ठेकेदार यांच्या संबंधांना तो शब्द चपखल लागतो, कारण तिथे एकाकडे सही असते आणि दुसऱ्याकडे पैसा. एकच माल विकणारे दोन स्पर्धक एकमेकांना काही देत नाहीत. ते दोघे मिळून गिऱ्हाइकासमोर भाव धरून ठेवतात. या प्रकाराला बोलीत ‘रिंग’ म्हणतात. निविदा निघाली की ठेकेदार रिंग करतात, म्हणजे कोणी किती दर भरायचा आणि काम कोणाला सोडायचे हे लिफाफे उघडण्याआधीच ठरलेले असते. मात्र हे ठरवायला बैठक किंवा निदान फोन लागतोच.

‘संगनमत’ त्यापेक्षा व्यापक आहे आणि तोच ठेवावा, असे माझे मत आहे. तरीही वाचकाची शंका अगदी रास्त आहे. पोलीस फिर्यादीतले ठरलेले वाक्य पाहा: ‘आरोपींनी आपसात संगनमत करून फिर्यादीची फसवणूक केली.’ यात माणसे आहेत, ती एकाहून अधिक आहेत, ‘आपसात’ आहे आणि हेतूही आहे. एकट्या अल्गोरिदमला यातले काहीच लागू पडत नाही. माझ्या मते मथळ्यातली खरी अडचण ‘संगनमत’मध्ये नसून ‘अल्गोरिदमने’ या शब्दाच्या शेवटच्या अक्षरात आहे.

मराठीत ‘ने’ हा प्रत्यय दोन कामे करतो. ‘आईने विळीने भाजी चिरली’ या वाक्यात ‘आईने’ कर्ता आहे आणि ‘विळीने’ करण, म्हणजे साधन. प्रत्यय मात्र एकच. वाक्यात कर्ता असेपर्यंत घोटाळा होत नाही, पण कर्ता गाळला की साधनच कर्त्याच्या जागी येऊन बसते. ‘कंपन्यांनी अल्गोरिदमने संगनमत केले’ या वाक्यातून ‘कंपन्यांनी’ काढून टाकले की वाचकाला वाटते, सगळे यंत्रानेच केले. अशा प्रत्येक खटल्यात कर्ता कोण आणि साधन कोणते हाच वादाचा मुद्दा असतो, आणि मथळा त्याचा निकाल नकळत लावून मोकळा होतो. याची मला खरोखर काळजी वाटते.

प्रत्यक्ष प्रकरणे पाहिली की हा फरक स्पष्ट होतो. २०१५ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ॲमेझॉनवर पोस्टर विकणाऱ्या एका व्यावसायिकावर खटला भरला आणि त्याने गुन्हा कबूल केला. विक्रेत्यांनी भाव आधी आपसात ठरवले होते आणि ते पाळले जावेत म्हणून सॉफ्टवेअर लावले होते. इथे अल्गोरिदम निखळ करण आहे. अशा वेळी ‘अल्गोरिदम वापरून’ किंवा ‘अल्गोरिदमच्या आडून’ असे लिहिले की शंका उरत नाही.

ज्या घरभाड्यांवरून प्रश्न निघाला, ते प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. टेक्सासमधील रिअलपेज या कंपनीचे सॉफ्टवेअर घरमालकांना भाडे सुचवते. एकमेकांचे स्पर्धक असलेले घरमालक भाड्याची आणि करारांची खासगी माहिती त्याच सॉफ्टवेअरला पुरवतात आणि त्यातून निघालेले आकडे वापरतात, असा आरोप करून न्याय विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये काही राज्यांसह दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले. घरमालक एकमेकांशी बोलले नसले, तरी सगळ्यांची माहिती एकाच ठिकाणी पोहोचत होती, असे दाव्याचे म्हणणे. इथे अल्गोरिदम मध्यस्थ आहे, म्हणून ‘अल्गोरिदममार्फत संगनमताचा आरोप’ हा मथळा मी योग्य मानेन. त्यातला ‘आरोप’ हा शब्दही तितकाच आवश्यक आहे.

आपल्याकडे ओला आणि उबर यांच्याविरुद्धच्या तक्रारीत जवळपास हाच प्रश्न आला होता. चालक एकमेकांचे स्पर्धक असूनही ॲपच्या अल्गोरिदममार्फत सगळे एकच भाडे लावतात, असे तक्रारदाराचे म्हणणे होते. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये ते फेटाळले, कारण भाडे ठरवण्याबाबत चालकांचा आपसात काही करार असल्याचे दिसत नव्हते. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२० मध्ये तो निष्कर्ष उचलून धरला. फिर्यादीतला ‘आपसात’ किती महत्त्वाचा आहे, हे इथे दिसते. २००२ च्या स्पर्धा कायद्यात कराराची व्याख्या बरीच ऐसपैस आहे, अलिखित समजूत आणि एकविचाराने केलेली कृतीही तिच्यात येते. पण विचार एक व्हायला निदान दोन पक्ष लागतातच.

राहिला तिसरा प्रकार, ज्यात ‘संगनमत’ शब्दाची खरी कसोटी लागते. इटलीतील बोलोन्या विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांनी संगणकावर एक कृत्रिम बाजार उभारला आणि अनुभवातून शिकणाऱ्या अल्गोरिदमांना त्यात भाव ठरवू दिले. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अल्गोरिदमांना भाव चढे ठेवायला कोणी सांगितले नव्हते आणि एकमेकांना निरोप पाठवण्याची सोयही नव्हती. तरीही भाव स्पर्धेतल्या पातळीच्या वर जाऊन स्थिरावले. संशोधकांनी एकाला मुद्दाम भाव उतरवायला लावले, तेव्हा दुसऱ्यानेही भाव पाडून त्याला धडा शिकवला आणि मग दोघेही टप्प्याटप्प्याने जुन्या चढ्या भावाकडे परतले. जर्मनीतील पेट्रोल पंपांच्या अभ्यासातही याच्याशी जुळणारी गोष्ट आढळली: दोनच पंप असलेल्या ठिकाणी दोघांनीही असे सॉफ्टवेअर घेतल्यावर नफ्याचे प्रमाण वाढले, एकानेच घेतले तेव्हा वाढले नाही.

इथे अल्गोरिदमला करण म्हणणे अवघड आहे, कारण भाव चढे ठेवायचे हे कोणा माणसाने ठरवलेलेच नाही. त्यांना कर्ता म्हणावे, तर हेतू कोणाचा, हा प्रश्न उरतो. मी नाम तेच ठेवून क्रियापद बदलेन: ‘अल्गोरिदमांमध्ये संगनमत घडून आले’. ‘करणे’ गेले की हेतूचा आरोप जातो आणि परिणाम तेवढा उरतो. न बोलता भाव जुळण्याला अर्थशास्त्रात ‘मूक संगनमत’ म्हणतात, तेही इथे चालेल. ‘मूकसंमती’ मात्र वापरू नये, कारण संमती देणारा माणूस असावा लागतो. तसेच नुसते एकवचनी ‘अल्गोरिदमने’ टाळावे. संगनमताला किमान दोघे लागतात, म्हणून ‘अल्गोरिदमांनी’ किंवा ‘अल्गोरिदमांमध्ये’ असे अनेकवचनच हवे.